पिठीसाखरेचं माप

"उचला तुमची घमेली! सगळं ऊन तुम्हीच अडवून बसलात, आमच्या डाळीनं काय सावलीत वाळायचं?"

धाकटी जाऊ अंगणाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी होती. थोरली कोपरापर्यंत हात बुडवून मक्याच्या पाण्यात बसलेली. तिनं मान वर केली नाही.

"दुपारपर्यंत उचलते. साका बसतोय. आत्ता हलवलं तर सगळं पुन्हा ढवळेल."

"रोजचंच आहे तुमचं! घर म्हणायचं की मक्याची दलदल? पाऊल टाकावं तिथं पचपच."

"त्या पचपचीवरच तुझ्या पोरांच्या अंगावर कपडे चढतात."

धाकटीचं नाक फुगलं ते फुगलंच. खरं बोललेलं आवडत नाही कुणाला, आणि उन्हात तर नाहीच नाही.

फडक्याचं दुसरं टोक सासूनं धरलं होतं. दोघींनी मिळून पीळ दिला तसं दुधासारखं पांढरं पाणी परातीत पडलं. मका दोन दिवस भिजवायचा, ओलाच वाटायचा, फडक्यातून गाळायचा आणि ते पांढरं पाणी न हलवता ठेवून द्यायचं. तळाशी साका बसतो. वरचं पाणी हळूच ओतून टाकलं आणि साका उन्हात वाळवला की पांढरंशुभ्र सत्त्व तयार. मक्याचं पीठ पिवळं असतं, ते निराळं. हे सत्त्व चिमटीत दाबलं तर करकर वाजतं. चार वर्षं थोरली हे काम भर अंगणात करत होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर.

घराच्या डाव्या अंगाला चक्कीची खोली होती. तिथं गहू नाही, ज्वारी नाही, फक्त साखर दळायची. चक्की बसवली थोरलीच्या नवऱ्यानं. तो तापानं गेला, आणि महिन्यानं नव्हे की वर्षानं नव्हे, दुसऱ्याच आठवड्यात थोरलीनं पट्टा चढवला. जाड साखरेचं पोतं वरून ओतायचं, खालून पिठीसाखर घ्यायची, बारीक जाळीतून चाळायची आणि डब्यात भरायची. बाजारगावचा भट्टीवाला दर आठवड्याला येऊन डबे घेऊन जायचा. केक, बिस्किटं, असलं त्याचं काम. चक्की हातात होती म्हणून थोरली त्या घरात थोरली होती. ती गेली असती तर थोरली म्हणजे एक जास्तीचं ताट, एवढंच उरलं असतं. हे तिला माहीत होतं, सासूला माहीत होतं आणि दिराला तर फारच चांगलं माहीत होतं.

दीर, म्हणजे धाकटा, चक्कीच्या दारात येऊन म्हणायचा, "वहिनी, बाईमाणसानं किती राबायचं? मी बघतो की आता."

"शेत बघा भाऊजी. उसात गवत कमरेएवढं झालंय."

असं ती म्हणाली की धाकटा हसत हसत निघून जायचा. पण ते हसू दारापाशीच गळून पडायचं.

थोरलीला एकच लेक. नऊ वर्षांची, सुळसुळ पळणारी, शेपटीसारखी वेणी उडवणारी. म्हणून सगळे तिला खारू म्हणायचे. शाळा सुटली की दप्तर फेकून ती चक्कीच्या खोलीत यायची आणि प्रश्न विचारून आईचं डोकं खायची. थोरलीला मात्र ते आवडायचं.

"आई, साखर गोड आणि मका अगोड. मग गोडात अगोड कशाला घालायचं?"

थोरलीनं चक्की थांबवली. एका झाकणात चार वस्तू मांडल्या. गुळाचा खडा, तांबूस साखर, जाड पांढरी साखर आणि पिठीसाखर.

"ही चार भावंडं आहेत. एकाच उसाच्या रसाची. रस आटवला आणि त्यातलं काहीच काढलं नाही, तो गूळ. रसाचा दाणा केला, पण मळीचा हात थोडा अंगावर राहू दिला, ती तांबूस. हात लाव, ओलसर आहे ना? मळी पार धुऊन काढली की ही पांढरी. आणि ही पांढरीच फोडून फोडून पीठ केली की पिठीसाखर."

"म्हणजे ही दोघी एकच?"

"एकच. दाण्याचं वय तेवढं वेगळं."

"मग मका हिलाच का? तिला का नाही?"

थोरलीनं दाराबाहेरचं मातीचं ढेकूळ उचलून तिच्या हातात दिलं. "फोड. आता बघ, आधी जी माती पोटात होती ती बाहेर आली की नाही? ढेकूळ जितकं फोडशील तितक्या बाजू वाढतात. साखर हवेतलं पाणी पिते, आणि पिते ती बाहेरच्या बाजूनंच. जाड दाण्याला बाजू थोड्या. पिठाला मोजता यायच्या नाहीत इतक्या. जरा दमट वारा सुटला की सगळे कण ओले होतात, एकमेकांना मिठ्या मारतात, आणि सुकले की दगड. मक्याचं सत्त्व त्यांच्या मधे शिरून बसतं. आलेली ओल आपण पितं आणि कणांना एकमेकांना चिकटू देत नाही."

"मी आणि काकूचा दादा मारामारी करतो तेव्हा आजी आमच्या मधे झोपते, तसं?"

"अगदी तसं."

"किती घालायचं?"

"पन्नास किलोच्या पोत्याला दीड किलो. जास्त झालं तर जिभेवर पीठ लागतं. कमी पडलं तर गोळे होतात. आणि घालायचं ते दळायच्या आधी, दाण्याबरोबर. मागाहून कालवलं तर एकीकडे मका, एकीकडे साखर."

खारूनं मान डोलावली आणि सत्त्वाचा डबा स्वतः उचलून मापात ओतला. एक कणसुद्धा सांडला नाही. पोरीचा हात स्थिर होता. थोरलीला वाटलं, ही शिकेल.

शिकली, पण शाळेत. त्या आठवड्यात मास्तरांनी एक बाटली आणली. आत तपकिरी औषध. पिठूळ पदार्थावर त्याचा थेंब टाकला की तो निळाकाळा होतो. बटाट्याची फोड निळी झाली, भात निळा झाला. पोरं वेडी झाली. मास्तर म्हणाले, उद्या घरून काहीतरी आणा. कुणी गूळ आणला, कुणी मीठ, कुणी जाड साखर. खारूनं कागदाच्या पुडीत आईची पिठीसाखर नेली.

संध्याकाळी ती धावतच घरी आली. "आई! सगळ्यांच्या साखरा तशाच राहिल्या. आपलीच निळी झाली! मास्तरांनी सगळ्यांना दाखवली!"

"छान," थोरली म्हणाली. चाळणीवरचा हातही तिनं थांबवला नाही. निळी व्हायचीच. मका आहे त्यात. तिच्या मनात पाल चुकचुकलीसुद्धा नाही.

सकाळी अंगणात माणसं उभी होती.

सगळ्यांत पुढे पुढारी. गावातलं भांडण त्याच्या पायाशी आल्याशिवाय मिटत नसे, आणि मिटलेलंही तो पुन्हा उकरायचा. त्याच्या मागे धाकटा, खाली मान घालून, जणू घरात कुणी गेलंय. त्याच्या मागे बाकीचा गाव. मास्तरांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. बाटली त्यांच्या खिशात होती.

"बाई, तुमच्या साखरेत मका आहे म्हणतात," पुढारी म्हणाला.

"आहे."

इतक्या सरळ उत्तराची कुणाला अपेक्षा नव्हती. गलका उठला.

"बघा! तोंडानं सांगते!"

"मक्याची साखर करून विकते आणि वर मान करून बोलते!"

"अहो, ऐका तरी," थोरली म्हणाली. "शंभराला तीन भाग. तेवढं घालावंच लागतं, नाहीतर पीठ सुटं राहत नाही. मी चोरून घालत नाही. याच अंगणात वाळवते, तुमच्या डोळ्यांसमोर."

"धीटपणा बघा बाईचा! उघड्यावर चोरी करायची म्हणजे कुणाला संशय नको!"

लोक हसले. लपवलं असतं तर चोर, नाही लपवलं तर बिलंदर. तिनं सासूकडे पाहिलं.

"आत्याबाई, तुम्ही सांगा. फडकं तुम्ही पिळता माझ्याबरोबर."

सासूनं एकदा धाकट्या लेकाकडे पाहिलं. मग डोळ्यांवर हाताची सावली धरली, जणू ऊन फार झालंय.

"मला म्हातारीला काय ठाऊक? मला वाटलं कपड्यांना घालायची खळ करतेय."

चार वर्षं. त्या घरात एका तरी कपड्याला खळ लागली होती का? पण हे विचारणार कोण?

"मास्तर, तुम्ही शिकलेले," थोरली वळली. "तुम्ही सांगा. पिठीसाखरेत हे घालतात की नाही?"

मास्तरांनी पायातल्या चपलेकडे पाहिलं. पावसाळा तोंडावर होता, शाळेचं अर्धं छप्पर उडालेलं, आणि नवे पत्रे पुढाऱ्याच्या एका शब्दावर अडले होते.

"औषध खोटं बोलत नाही. त्यात पिठूळ पदार्थ आहे, एवढं नक्की."

"पण तो असायला हवा की नको?"

"ते पुस्तकात दिलेलं नाही."

मग पुढारी गुडघ्यांवर हात टेकून खारूपुढे वाकला. आवाजात लोणी. "बाळ, तू हुशार आहेस. सांग बरं, आई मका रोज घालते?"

"हो! रोज घालते," खारू म्हणाली. सगळा गाव आपल्याकडे बघतोय म्हणून तिचे गाल फुलले होते. "मीसुद्धा घालते कधीकधी."

"पोरीलाही लावलंय बघा!" कुणीतरी म्हणालं.

थोरलीनं तरी हात टेकले नाहीत. ती आत गेली आणि दोन सारखे डबे घेऊन आली. एकात सत्त्व घातलेली साखर भरली. सगळ्यांसमोर नुसती जाड साखर दळली आणि ती दुसऱ्यात भरली. "झाकणं किलकिली ठेवा. आठ दिवस थांबा. दमट हवा आहे. आठ दिवसांनी दोन्ही उघडा, आणि मग मला काय ते बोला."

"आठ दिवस?" पुढारी हसला. "मास्तरांचा थेंब डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगतो, आणि तुमचं खरं ठरायला आठ दिवस लागतात होय?"

तरी त्यानं डबे ठेवून घेतले. मोठ्या मनाचं दिसायला काही खर्च लागत नाही. निकाल मात्र तिथंच लागला. चक्की धाकट्याकडे. आणि दळून ठेवलेली चार पोती ओढ्यात.

"कुणी हात लावू नका," पुढारी म्हणाला. "जिनं दळली तिनंच वाहावी."

पोती तिनं एकटीनं वाहिली. पाठीवर घ्यायचं, चक्कीपासून ओढ्यापर्यंत जायचं, तोंड सोडायचं, ओतायचं. काळ्या चिखलाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, लग्नाची वरात बघावी तशी. तिसऱ्या पोत्याला तिचा पाय घसरला आणि ती तोंडावर पडली. केस, भुवया, ओठ पांढरे झाले. "आता कशी गोड दिसतेय!" एक बाई म्हणाली. ती बाई गेल्या वर्षी थोरलीकडून लेकीच्या बाळंतपणाला साखर फुकट घेऊन गेली होती. पाण्यात साखर विरघळली, ओढा क्षणभर दुधाळ झाला आणि वाहता झाला. काठावर मात्र मुंग्यांची रांग लागली ती चार दिवस हटली नाही.

परत आल्यावर खारू दारात उभी होती. "आई, मी खरं सांगितलं ना?"

थोरलीनं तिच्या तोंडात मारली. जन्मात पहिल्यांदा. बोटांवरची साखर पोरीच्या गालावर उमटली. खारू रडली नाही. नुसती आईच्या हाताकडे बघत राहिली, हा कुणाचा हात असं.

आठ दिवस थोरलीनं श्वास मोजत काढले. नवव्या दिवशी ती पुढाऱ्याच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोनं उघडलं.

"डबे? ते होय! अगं, एक डबा संपला परवा. पाहुणे आले होते, घाई होती, आणि ती साखर कशी भुरभुर पडत होती म्हणून सांगू! दुसऱ्यातली मेली डब्यालाच धरून बसली. सुरी घातली, सुरी वाकली. फेकून दिली उकिरड्यावर."

"काकू, जी भुरभुर पडत होती ती मक्याची होती."

"असेल बाई. छान होती."

"एवढंच त्यांना सांगाल का?"

"मला नको तुमच्या भानगडीत ओढूस," म्हणून तिनं दार लोटून घेतलं. डबे मात्र नंतर घासून परत पाठवले. चांगल्या घरची बाई होती.

त्यानंतर धाकट्यानं चक्कीवर पाटी लावली. 'निव्वळ साखर. दुसरं काही नाही.' तोवर हवा पालटली होती, पहिला आठवडा कोरडा गेला. हवा अशी की फडकं टाकावं आणि कडकडीत वाळावं. साखर सुटी राहिली आणि धाकट्याची छाती पुढे आली. धाकटी अंगणात डाळ पसरून पाय लांब करून बसायला लागली. शाळेत पोरं खारूला 'निळी' म्हणायला लागली. बाकावर तिच्या शेजारी कुणी बसेना. मास्तरांनी तिला एकटीला खिडकीपाशी बसवलं. म्हणाले, तिथं उजेड चांगला आहे.

मग वारा पुन्हा फिरला. नदीकडून आला, ओला, जड. भिंतींना घाम सुटला, मीठ पाझरलं. आणि धाकट्याच्या वीस डब्यांत वीस दगड झाले.

भट्टीवाल्यानं एक डबा पायरीवर उलटा करून आपटला. आतून डब्याच्या आकाराची पांढरी वीट निघाली आणि खणकन वाजली.

"हे केकवर भुरभुरायचं की यानं भिंत बांधायची?"

"हवा खराब आहे," धाकटा म्हणाला.

"हवा काय आज जन्मली? मका नाही घातलास?"

चक्कीच्या कोपऱ्यात थोरली झाडत होती. तिचा हात थांबला.

"अरे, सगळेच घालतात," भट्टीवाला म्हणाला. "शहरातल्या पुड्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. तुझी वहिनी घालायची ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

थोरली पुढे आली. "दादा, हे गावात चार माणसांपुढे सांगाल? एवढंच वाक्य?"

भट्टीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. फक्त घाईत होता. "बाई, तुमच्या गावाशी मला काय करायचंय? मला सुटी साखर पाहिजे. माझी भट्टी तापलेली आहे." आणि त्यानं गाडी वळवली.

धाकट्यानं त्या दिवशी गावात सांगितलं की वहिनीनं जळून साखरेवर पाणी शिंपडलं. गावानं मान डोलावली. असं करणारच ती. दगड फोडायचं काम अर्थातच तिच्याच माथी आलं.

"बसून खातेस, तेवढं तरी कर," सासू म्हणाली.

एक लाकडी मोगरी आणि वीस विटा. थोरली दिवसभर फोडत बसली. फुटलेली साखर काचेसारखी असते, कडा धारदार. बोटांना चिरा पडल्या, चिरांत साखर गेली. मीठ गेलं तर निदान झोंबतं आणि संपतं. साखर चिकटते, माशा बसतात. ठक ठक आवाज गावभर जात होता. शेजारपाजारच्या बायका कुंपणाशी येऊन बघून गेल्या. दगड झालेली साखर त्यांनी डोळ्यांनी पाहिली. थोरलीच्या हातात चक्की होती तेव्हा असं कधी झालं नव्हतं, हेही प्रत्येकीला आठवलं असणार. एकीनंही ते बोलून दाखवलं नाही. चूक कबूल करायची तर ती वाट तुडवत चार पोती मागे जाऊन उभं राहायला हवं होतं, आणि तेवढा वेळ कुणापाशी होता?

मग धाकट्यानं गुपचूप मका घालायचं ठरवलं. दार लावून, खिडकीला पोतं टांगून, थोरलीच्या शिल्लक सत्त्वातला एक अख्खा डबा त्यानं दळलेल्या साखरेवर ओतला आणि फावड्यानं कालवला. आठवड्यानं भट्टीवाला आला तो डबे न उतरवताच बोलला.

"गिऱ्हाईक म्हणतं, केकवर कच्चं पीठ लागतंय. एका डब्यात पीठ, दुसऱ्यात दगड. किती घातलंस?"

"तुम्हीच सांगा किती घालायचं."

"मी भाजतो, दळत नाही. येत्या खेपेला नीट मिळाली नाही तर मी दुसऱ्याकडून घेतो. तीन दिवस आहेत तुझ्याकडे."

त्या दुपारी धाकटा परसात आला. थोरली भांडी घासत होती. तो पायरीवर बसला, उठला, पुन्हा बसला.

"वहिनी, किती घालायचं असतं ते?"

"काय किती?"

"माहीत असून विचारू नका."

थोरलीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. किती दिवसांनी तिच्याकडे कुणी काही मागत होतं. "सांगते की भाऊजी. माप सांगते, कधी घालायचं ते सांगते, सत्त्व कसं वाळवायचं तेही सांगते. पण इथं नाही. ज्या अंगणात तुम्ही माणसं गोळा केलीत, तिथंच पुन्हा करा. त्यांच्यापुढे म्हणा की यात मका घालावाच लागतो आणि वहिनी खोटी नव्हती. मग चक्कीची किल्ली माझ्या हातात द्या. त्याच्या पुढच्या क्षणाला माप तुमचं."

"गावात माझी काय किंमत राहील?"

"माझी राहिली तेवढी."

"घराबाहेर काढीन!"

"काढा. माप माझ्याबरोबर येईल."

धाकट्यानं बादलीला लाथ घातली आणि तो निघून गेला. पण त्याचा चेहरा तिनं पाहिला होता. तीन दिवस. तीन दिवसांत याला झुकावंच लागेल. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. चिरा पडलेल्या बोटांना तेल लावलं. खारूला जवळ घ्यायला तिनं हात पुढे केला तशी पोरगी जराशी मागे सरली, मग आली. थोरली तिला म्हणाली, "थोडे दिवस, हं. सगळं पुन्हा जागच्या जागी येईल." दुसऱ्या दिवशी धाकटा अंगणात येरझाऱ्या घालताना दिसला. त्यानं पुढाऱ्याकडे निरोप धाडल्याचंही कानावर आलं. थोरलीनं धुतलेले कपडे काढून ठेवले. चारचौघांत उभं राहायचं तर नीट दिसावं माणसानं.

तिसऱ्या दिवशी ती उसाला पाणी देऊन दुपारी परत आली, तेव्हा चक्की चालू होती.

ती दारात उभी राहिली. चाळणीखाली पीठ पडत होतं, अलगद, धुरासारखं. ढिगाचा कडा आपोआप घसरत होता. तिनं वाकून चिमूट उचलली, जिभेवर ठेवली. पिठाचा मागमूस नाही. थंडगार वाटून विरली. बोटांमधून सुळकन निसटली. कोपऱ्यात वजनकाटा होता आणि काट्यावर सत्त्वाचा डबा. काटा दीडवर होता.

धाकट्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाटी जागच्या जागी होती, वर नवा रंग दिलेला.

खारू परसात सागरगोटे खेळत होती. डोक्याला चपचपीत तेल, वेणी घट्ट आणि वेणीच्या टोकाला नवी लाल रिबीन.

"छान आहे गं रिबीन," थोरली म्हणाली. "कुणी बांधली?"

"आजीनं. काल."

"बराच वेळ बसली होतीस आजीपाशी?"

"हूं."

थोरली तिच्यासमोर उकिडवी बसली. "आजीनं काही विचारलं का गं? साखरेचं?"

खारूचा हात सागरगोट्यावर थांबला. तिनं आधी आईच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग मान वर करून सरळ डोळ्यांत.

"नाही."

"मका किती घालायचा, कधी घालायचा, असं काही?"

"नाही आई. मी कुणाला काहीच सांगितलं नाही."

पापणी लवली नाही, आवाज अडखळला नाही. नऊ वर्षांच्या पोरीनं मोठ्या माणसासारखं, नीट, सफाईनं सांगितलं.

थोरलीचा हात उठला होता. तो तिनं तसाच पुढे नेला आणि पोरीच्या डोक्यावर ठेवला. डोकं हाताखाली आक्रसलं. मार येत नाही हे कळायला त्याला थोडा वेळ लागला.

"बरं," ती म्हणाली. "खेळ."

चक्कीचा आवाज थांबला. आतून धाकट्याची हाक आली, "वहिनी! सत्त्व उद्यापुरतंच आहे. मका भिजत घाला. आणि परसात घाला, अंगणात नको. लोक बघतात."

थोरलीनं तेलकट तळवा पायरीला पुसला आणि मक्याच्या पोत्याचं तोंड सोडलं.